अप्पांनी बुजवलेलं भोक

ट्यूब लावू नका. समईचा उजेड पुरे आहे. हे सांगताना मला पांढरा उजेड नकोसा होतो. का, ते ऐकलंत की कळेल.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. पेणमध्ये हे सांगण्यात काही मोठेपणा नाही, दर दोन घरं सोडून एक कारखाना आहे. माझे वडील नाथाअप्पा यांनी जन्मभर मूर्ती केल्या. मी परकरी पोर होते तेव्हापासून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. लग्न केलं नाही. कारण विचारायला येतात त्यांच्या हातात मी रंगाचा डबा देते आणि म्हणते, बसा घोटत. धाकटा भाऊ निकेश मात्र मातीत रमला नाही. त्याने मागच्या खोलीत रेझिनचा प्रिंटर आणून बसवला आणि माणसांचे बाहुले करायला लागला. तुम्ही फोटो पाठवायचा. निकेश कॉम्प्युटरवर त्या माणसाला मोठं डोकं, काटकुळे पाय आणि गुबगुबीत हात देतो, मशीन थरावर थर चढवून बाहुला काढतं, आणि रंगवायचा मी. गणपती वर्षातून एकदा येतो, वाढदिवस रोज कुणाचा तरी असतो, असं निकेशचं म्हणणं. धंदा चालला, खोटं कशाला बोलू?

रेझिन म्हणजे मधासारखं दाट, उग्र वासाचं पाणी. त्याला ठरावीक उजेड लागला की ते घट्ट होऊन बसतं. ऊन लागलं तरी तेच. बाहुला भरीव केला तर जड होतो आणि महाग पडतो, म्हणून आतून पोकळ करायचा. पण मग त्याच्या पोटात पातळ रेझिन अडकून राहतं. ते निथळून जावं म्हणून निकेश पाठीत एक बारीक भोक ठेवतो, आतून स्पिरिटने धुतो, आणि मगच बाहुला निळ्या दिव्याखाली पक्का करतो. पुष्कळदा ते भोक तसंच राहतं, कपड्याच्या घडीत दिसतही नाही.

हे मला माहीत होतं. अप्पांना एकच गोष्ट माहीत होती. चीर गेलेली, भोक पडलेली मूर्ती खंडित, ती कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.

सुरभीचा फोन आला तेव्हा गणपती, नवरात्र सगळं उरकलं होतं आणि आम्ही जरा पाय पसरून बसलो होतो. सुरभी रोह्याजवळच्या अष्टमी गावची. तिने श्रावणात नवऱ्याच्या वाढदिवसासाठी बाहुला करून घेतला होता. नवरा सुशील, कंपनीत शिफ्टला जाणारा, सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळणारा. बाहुला बॉल टाकायच्या पवित्र्यात होता. लाल जर्सी, एक हात वर, आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. ते हसू मला इतकं झकास साधलं होतं की बाहुला देताना माझाच जीव थोडा अडकला होता.

"ताई, बाहुल्याला घाम येतोय," सुरभी म्हणाली.

"रोह्याच्या उकाड्यात माणसांना येतो, त्याला का नको?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "चिकट हाय, ताई. बोटाला वास लागतो तो जात नाय. तुम्ही येता का?"

निकेश माल आणायला मुंबईला गेला होता. म्हटलं जाऊन येऊ, जरा घासून पुसून देऊ, गिऱ्हाईक तुटायला नको. पिशवीत हातमोजे, सँडपेपर, स्पिरिटची बाटली आणि हाताने फिरवायचं बारीक गिरमिट टाकलं आणि दुपारची गाडी धरली. कासू गेलं, नागोठणं गेलं. भात कापणीला आलेलं, हवा कोंडलेली, पूर्वेला डोंगरावर काळं भरून येत होतं. मी खिडकीशी बसून शेंगदाणे खात होते. मनात वाईट काही म्हणून नव्हतं.

वास मला त्यांच्या जिन्यातच आला.

माणसाला आपल्या कामाचा वास लांबून ओळखू येतो. कच्च्या, न धुतलेल्या रेझिनचा वास गोडसर आणि तिखट असतो, घशाच्या मागे जाऊन बसतो. एक मजला, दुसरा मजला, वास वाढत गेला. मला वाटलं, एवढ्याशा बाहुल्याचा एवढा वास? सुरभीने दार उघडलं आणि आतला अंधार जिन्यात आल्यासारखा झाला. भर दुपारी घरातल्या सगळ्या खिडक्यांवर जाड चादरी बांधल्या होत्या. शोकेसवर देवापुढची छोटी समई तेवढी जळत होती.

"हे काय गो सुरभी?"

"त्यांना ऊन सोसत नाय," ती म्हणाली. श्रावणात ही पोरगी आमच्याकडे आली होती तेव्हा गालांवर तेज होतं. आता डोळे खोल गेले होते. "आत हायत. या."

सुशील पलंगावर उशांना टेकून बसला होता. मी ज्याच्या दंडाचे स्नायू रंगवले होते तो हा माणूस, असं सांगूनही खरं वाटलं नसतं. तो श्वास घ्यायचा तेव्हा आत काहीतरी डुचमळायचं. घागर अर्धी भरून कडेवर घेतली की येतो तसला आवाज. त्याने मला ओळखलं, हसायचा प्रयत्न केला.

"ताई… बाहुला मस्त झालाय," तो म्हणाला, आणि तेवढ्या बोलण्याने त्याला धाप लागली.

त्याच्या श्वासाला रेझिनचा वास होता.

मी बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. सुरभीने सांगितलं ते असं. वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत छातीत जड वाटायला लागलं. दवाखान्यात सांगितलं, छातीत पाणी झालंय. सुई घालून काढलं, परत भरलं. परत काढलं, परत भरलं. कंपनीतला धूर असेल म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. उन्हात नेलं की सुशीलची छाती आवळून यायची, फळीसारखी कडक व्हायची, म्हणून चादरी. आणि काल डॉक्टर म्हणाले होते की पाणी दाट होत चाललंय, आता सुईत येत नाही, मुंबईला न्या.

"उद्या पहाटे गाडी सांगितलीय," ती म्हणाली. "पण रस्त्यात ऊन वर येईल ना, ताई… पोचतील का हे?"

मी बाहुला मागितला.

तो शोकेसमध्ये होता. लाल जर्सीवर बारीक बारीक थेंब उभे होते. बरगडीच्या खाली केसाएवढी चीर गेली होती आणि तिथून ते पाझरत होतं. मी हातमोजे चढवून त्याला उचललं. तो जड होता. पोकळ बाहुला हाताला कसा लागतो ते मला ठाऊक आहे, आणि हा तसा नव्हता. कानाशी नेऊन हलवला. आत डुचमळलं. त्याच क्षणी आतल्या खोलीत सुशील खोकला.

योगायोग असेल. मी पुन्हा हलवला नाही, एवढं मात्र खरं.

पाठ फिरवून पाहिली. जर्सीच्या घडीत भोक असायला हवं होतं. तिथे भोक नव्हतं. बोट फिरवलं तर एक गुळगुळीत गोल ठिपका लागला, इतक्या सफाईने भरलेला की धुण्याच्या घाईत निकेशच्या आणि रंगवताना माझ्याही ध्यानात आला नव्हता. अशी सफाई आमच्या घरात एकाच हाताला आहे. मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, त्या रोह्याच्या क्रिकेटवाल्याच्या पाठीतलं भोक…"

"व्हय, मीच बुजवलं," अप्पा म्हणाले. आवाजात चक्क कौतुकाची अपेक्षा. "निकेश चहाला गेलेला. बाहुला मशीनवरच लटकलेला. बघतो तर पाठीत भोक. म्हटलं, पोराची चूक गिऱ्हाइकाला कशाला दिसायला हवी? त्याच्यासारखंच केलं. एक थेंब लावला, निळी बॅटरी मारली, झालं."

"अप्पा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं निथळायला."

अप्पांना ते पटेना. "भोकाचा माणूस द्यायचा लोकांना?" मग आवाज बारीक झाला. "का गो? काय झालं?"

मी काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. काय सांगणार होते? तुमच्या मायेने एक माणूस आतून भरत चाललाय, असं सांगायचं? मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. मी शहाणीसुरती बाई आहे, अंगात येणाऱ्यांना पाणी मारून उठवणारी. पण मला भीती वाटत होती, स्वच्छ भीती.

बाहेर गडगडलं. पंखा थांबला, शेजारच्या घरातला टीव्ही बंद पडला. वीज गेली. सुरभीने घाईने मोबाईलची बॅटरी लावली. पांढरा झोत बाहुल्यावर पडला आणि आतून सुशीलचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कुणी छातीवर गुडघा ठेवल्यावर निघेल तसा, दाबून निघालेला.

"बंद कर! बंद कर तो उजेड!"

तिने बॅटरी विझवली. आतला आवाज सैल झाला. आम्ही दोघी समईच्या अर्ध्या अंधारात एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मला ती नीट दिसतही नव्हती, पण तिलाही कळलं होतं.

"ताई…" ती कुजबुजली. "तुम्ही हे उघडा."

"सुरभी, मला नाय माहीत काय होईल ते. उघडल्यावर बरंच वाटेल असं मी सांगू शकत नाय."

"उद्या ऊन वर आल्यावर काय होईल ते मला माहीत हाय," ती म्हणाली.

समई खाली घेतली. पिवळ्या उजेडाने रेझिन घट्ट होत नाही. बाहुला वर्तमानपत्रावर पालथा घातला, शेजारी स्टीलची वाटी ठेवली. गिरमिटाचं टोक अप्पांच्या ठिपक्यावर टेकवलं आणि फिरवलं. पांढरा भुसा निघायला लागला.

"कोण हाय…?" सुशील आतून म्हणाला. "सुरभी… पाठीत कोण खाजवतंय?"

माझा हात थांबला. आत त्याचा श्वास घुटमळला, गटगटला, आणि मग काही ऐकूच येईना.

"थांबू नका, ताई," सुरभी म्हणाली. तिने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं मोज्यातून टोचत होती. "आता थांबू नका…"

मी फिरवत राहिले. देवांच्या डोळ्यांत बाहुली रेखताना माझा श्वास आपोआप रोखला जातो, तसा तेव्हाही रोखलेला होता. टोक एकदम आत गेलं. मी गिरमिट ओढून काढलं आणि बाहुला वाटीवर धरला.

ते कोमट होतं. आधी थेंब थेंब, मग धार. पिवळट, दाट, मधे मधे गुलाबी तार. माझ्या अंदाजाने त्या बाहुल्यात चार चमचे मावले असते. वाटी भरली. सुरभीने दुसरी वाटी दिली, तीही भरली. मग तिने तांब्या पुढे केला. मी बाहुल्याकडे बघत नव्हते, तांब्याकडेही नाही, समईच्या ज्योतीकडे बघत होते आणि तोंडाने अथर्वशीर्ष म्हणत होते, तेही चुकीचं.

धार थांबली. आतल्या खोलीत सुशीलने श्वास घेतला. लांब, कोरडा, मोकळा श्वास. मग दुसरा. मग तो म्हणाला, "सुरभी, भूक लागली गो."

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मीही रडले. लाज कसली?

मी दोन गोष्टी सांगून निघाले. हे भोक बुजवायचं नाही, कुणी काही म्हणालं तरी. आणि बाहुला कुणाला द्यायचा नाही, टाकायचा नाही. जे निघालं होतं ते बाटलीत भरून पेणला आणलं. रेझिन गटारात ओतायचं नसतं, उन्हात घट्ट करून टाकायचं असतं. मी ते गच्चीवर ठेवलं. कडक उन्हातही ते घट्ट झालं नाही, त्याच्यावर नुसती साय धरली. शेवटी मी ते परसात खड्डा करून पुरलं.

सुशील बरा झाला. छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडू दे, आम्हाला कुठे श्रेय हवं होतं? अप्पांना मी सगळं सांगितलं. तेव्हापासून ते निकेशच्या खोलीच्या दारात उभे राहतात, आत पाऊल टाकत नाहीत. एकदाच म्हणाले, "पोकळ झाला ना गो तो? आता बुजव. उघडं घर बरं नव्हे, कोणीही शिरतं."

मी त्यांना उडवून लावलं. बुजवायचं म्हणजे पुन्हा तेच.

दिवाळी झाली आणि सुरभीचा पुन्हा फोन आला. या वेळी ती कुजबुजत होती.

"ताई, बाहुल्याचं भोक बुजलंय. मी नाय बुजवलं. यांनीपण नाय. मातीनं बुजलंय."

मला हसूच आलं, सुटल्यासारखं. "अगो, कुंभारीण असेल ती!" कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. भोक दिसलं की ओली माती आणून लिंपते. आमच्या कारखान्यात दरवर्षी शाडूच्या गोळ्यावर हक्काने येऊन बसते, गुणगुणत गुणगुणत माती थापते. आत लुळा केलेला जिवंत कोळी ठेवते, त्याच्यावर अंडं घालते आणि दार बंद करून निघून जाते. आतलं पिल्लू कोळी खाऊन वाढतं आणि माती कुरतडून बाहेर पडतं. हे बोलता बोलता माझं हसू विरलं.

"यांना झोप लागत नाय," सुरभी म्हणाली.

मी मिळेल त्या गाडीने गेले. सकाळची वेळ, लख्ख ऊन. घरातल्या चादरी काढलेल्या, खिडक्या उघड्या, फोडणीचा वास. इतकं चांगलं घर वाटलं ते. सुशील बनियन घालून जमिनीवर बसून पोहे खात होता. अंग भरलं होतं, गालावर तुकतुकी आली होती. "या ताई," म्हणाला, "बसा, पोहे खा." मी मोठ्या बहिणीच्या नात्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

रिकाम्या मडक्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला.

त्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, खात राहिला. सुरभी माझ्याकडे बघत होती. मग तिने मागून त्याचं बनियन वर केलं. दोन्ही खांद्यांच्या मधे, जरा खाली, एक राखाडी ठिपका होता. वाळलेल्या मातीचा, बोटाच्या पेराएवढा, कडेने नीट सारवलेला.

"साबणानं घासते मी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो."

बाहुला आणायला सांगितलं. त्याच्या पाठीवरही तसाच ठिपका. मी मनाशी ठरवूनच आले होते. अंडं असो, कोळी असो, किडा असो, आत्ताच्या आत्ता काढायचं आणि जाळायचं. गिरमिटाच्या टोकाने माती उकरली. ती भुसभुशीत निघाली. सुशीलकडे एक डोळा ठेवून होते, पण त्याला काहीच जाणवलं नाही. तो पोह्यांवर खोबरं मागत होता. भोक मोकळं झालं. बाहुला उन्हात धरून आत पाहिलं, उलटा करून झटकला, तारेचा तुकडा घालून सगळीकडे फिरवला.

आत काही नव्हतं. कोळ्याची टांग नाही, अंडं नाही, फुटलेलं कवच नाही. कोरडा, स्वच्छ, रिकामा बाहुला.

माझ्या अंगातून भीती उतरली तशी मी भिंतीला टेकले. "काही नाय गो," मी म्हटलं. "सोडून गेली असेल अर्धं काम टाकून."

सुरभीने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. ठिपका तसाच होता. तिने त्यावर हलकेच नख लावलं, आणि सुशीलने पहिल्यांदा खाणं थांबवलं.

"नको," तो म्हणाला. "ती घाबरतात."

वर पंखा घरघरत होता. त्या घरघरीत मला दुसरं काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, सलग, एका सुरातलं, कारखान्यात शाडूच्या गोळ्याजवळ बसलं की येतं तसलं. मी स्वतःला सांगत होते, पंखा जुना आहे, बेअरिंग गेलं असेल.

सुरभी उठली आणि तिने पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. आवाज थांबला नाही.

सुशीलने ताटली बाजूला सारली, मान जराशी खाली केली, जसं कुणी मांडीवरच्या पोराचा श्वास ऐकतं, आणि प्रसन्न हसला. तेच खट्याळ हसू.

"आधी एकच होतं, ताई," तो हळूच म्हणाला. "आता पुष्कळ हायत."